मामांचे पंचवीस शब्द

"तोंड दाखवा की पावणं," असं म्हणत गिरणीवाले मामा पिठाने पांढरी झालेली दोन बोटं वर उचलायचे, जणू समोरच्याची हनुवटीच वर करतायत. नवीन गिऱ्हाइकाला ते उद्धट वाटायचं. मंगळवार पेठेतले आम्ही जुने लोक मुकाट्याने मान वर करून बोलायचो.

तुम्ही कधी चालू गिरणीत उभे राहिला असाल, तर तुम्हाला माहीत असेल की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. ज्वारी की गहू, जाड की बारीक, सगळं ओठांवरून समजून घ्यायचं. मामांनी ते तीस वर्षं केलं. त्यामुळे ते ठार बहिरे झाले आहेत हे गल्लीला कळायला पाच वर्षं लागली. कान हळूहळू गेले होते. आधी कानामागचं साधं मशीन लावलं, पण पुढे पुढे त्याने शब्द कळेनात, नुसता गोंगाट वाढायला लागला. मग ते डब्यात गेलं.

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मामा गिरणी बंद असतानाही तिच्या वरताण बोलायचे. समोरच्या घरात एकदा मयत झाली होती. मामा माझ्या कानाशी आले आणि त्यांच्या मते कुजबुजत म्हणाले, "म्हातारा तसा कंजूषच हुता, न्हाय का?" तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबले. मी मान खाली घातली. मामांना माझे ओठ दिसेनात म्हणून त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

घरी मामी होत्या. मामींचं बोलणं मामांना सर्वांत चांगलं कळायचं. ओठ पुरते हलायच्या आतच उत्तर यायचं. मामी एखादी गोष्ट बोलून बाहेर निघून गेल्या, तरी मामा मला ती शब्दशः सांगत.

मग मामींना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जीभ जड झाली तरी बोलणं राहिलं होतं. आम्ही कान देऊन ऐकलं तर निम्म्याहून जास्त कळायचं. पण ओठांना आकार येईना, आणि मामांकडे ओठांशिवाय दुसरं काही नव्हतं.

"दगडाची टाकीच उडाली बघा," मामा मला म्हणाले. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा छिन्नीने टाकी लावावी लागते, नाहीतर धान्य भरडत नाही. "दाणा आत जातुय, पण पीठ पडंना."

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी कानात यंत्र बसवून घ्यायचं ठरवलं ते एवढ्यासाठी. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. एक भाग ऑपरेशन करून आत बसवतात, दुसरा कानामागे बाहेर राहतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटतो. डॉक्टरांकडे मी सोबत गेलो होतो. मामांनी एकच प्रश्न विचारला, "हिचं कळंल का?" डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की आवाज येईल, पण शब्द किती कळतील ते आज सांगता येणार नाही, बहिरेपण जुनं आहे, सराव पुष्कळ लागेल. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. मामांनी कागद घडी करून टोपीत ठेवला.

महिनाभराने यंत्र सुरू केलं, तेव्हा मामा दचकले. रिक्षात म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात खडं हलवल्यागत येतंय. तुमचा आवाज बी तसलाच, आन हॉर्न बी तसलाच."

सरावाचं काम मी घेतलं. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅट तपासतो, आकडे लिहिणं हा माझा स्वभावच आहे. यंत्र जुळवून देणाऱ्या बाईंनी पंचवीस शब्दांचा कागद दिला होता. रोज सकाळी साडेसहाला मी मामांच्या घरी बाहेरच्या सोप्यात बसायचो, कॅलेंडरचा पुठ्ठा तोंडासमोर धरायचो आणि एकेक शब्द वाचायचो. मामांनी तो परत म्हणायचा, मी वहीत बरोबर किंवा चूक लिहायचो. पलीकडे खाटेवर मामी पडलेल्या असायच्या.

पहिल्या दिवशी तीन बरोबर आले. पंधरा दिवसांनी नऊ. दीड महिन्याने एकवीस. मी ते गल्लीत सांगितलं, दूध संघात सांगितलं आणि मामींनाही सांगितलं. त्यातलं शेवटचं मी करायला नको होतं.

मामींनी त्या दुपारी मामांना जवळ बसवलं आणि बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला दारातून कळलं नाही. मामा मान हलवत "व्हय, व्हय" म्हणत राहिले. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते "व्हय" ओळखू येणार नाही असं कसं होईल? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे आठ दिवस त्या मामांशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तरी खाटेवर हात आपटायच्या.

त्याच आठवड्यात यंत्र जुळवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडची दुसरी यादी वाचून मामांना तपासलं. पंचवीसातले आठ आले.

परत येताना बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत होते. मी वही उघडून विचार करत होतो, आणि घर यायच्या आत माझी चूक मला दिसली. मी रोज तीच यादी त्याच क्रमाने वाचत होतो. एकाच कॅनमधलं दूध रोज तपासायचं आणि अख्ख्या तालुक्याची फॅट सांगायची, असलं काम दूध संघात कुणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

मी मामांना विचारलं, यादी पाठ झाली होती का? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाठ तर झालीच हुती. आन पुठ्ठ्याच्या वर तुमचं डोळं दिसायचं की. चुकलं की पडायचं. वाईट वाटायचं मला."

म्हणजे एकवीस हा आकडा आम्ही दोघांनी एकमेकांसाठी तयार केला होता. आणि तो खरा धरून, आपलंच बोलणं गेलं असं समजून, एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी यादी बाजूला ठेवली. मामींच्या खाटेजवळ बसून झाली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. चूक माझी होती, त्यांची नव्हती, हेही सांगितलं. त्या छताकडे बघत राहिल्या. मग मी म्हणालो, "मामी, मामांना जगाचं सगळं कळायला नको आहे. तुमचं कळायला हवंय. तुम्ही दिवसभरात काय काय बोलता, तेवढं मला सांगा."

त्या म्हणाल्या, "मी काय बोलनार आता? पानी. कूस. बास."

त्या तीन शब्दांपासून सुरुवात झाली. त्यात गोळी, दार, पंखा, उशी, चहा यांची भर पडली. मोजून पंचवीस शब्द झाले. मी चिठ्ठ्या केल्या, त्या रोज पिसायच्या. मामा खाटेकडे पाठ करून बसायचे, मी चिठ्ठी मामींसमोर धरायचो. पहिल्या दिवशी दोन. चौथ्या दिवशीही दोन. एकदा मामींनी कंटाळून "बास" म्हटलं आणि मामांनी ते बरोबर ओळखलं. ते मोजायचं का, यावर आमचा वाद झाला. मी मोजलं नाही. चिठ्ठीवर दुसरा शब्द होता.

तीन महिन्यांनी आम्ही चौदा-पंधराला पोचलो, आणि तिथेच राहिलो. मी थकलो होतो, मामीही थकल्या होत्या. मामा तेवढे साडेसहाला तयार असायचे.

एका सकाळी चिठ्ठ्या संपल्या. मामा खाटेकडे पाठ करून स्टोव्हवर चहा टाकत होते आणि आपल्या नेहमीच्या आवाजात मला गिरणीच्या पट्ट्याबद्दल सांगत होते. मागून मामी म्हणाल्या, "अवो, हळू बोला की. मी न्हाय बहिरी."

मामांचा हात थांबला. ते वळले नाहीत.

"किती वर्स म्हणतीयास हे?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या घरात गेला नसेल.

"तेरा," मामी म्हणाल्या. "पाठीमागनं."

चहा उतू गेला. मी वही उघडली, पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही. वही मिटून मी घरी आलो.

यंत्राने चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. लग्नकार्यात, बाजारात मामांना त्याचा उपयोग नव्हता. फोनवर ते अजूनही अडखळतात. मामींचा आवाजही त्यांना जुना वाटला नाही. "हिचा आवाज न्हाय ह्यो," ते म्हणायचे, "पर बोलणं हिचंच हाय." त्या बोलण्याचे त्यांना चौदा महिने मिळाले. मग मामी गेल्या.

गिरणी पुतण्याला देऊन मामा गडमुडशिंगीला मुलीकडे राहायला गेले. मागच्या दिवाळीनंतर मी भेटायला गेलो होतो. ते अंगणात बसले होते, यंत्र कानामागे होतं. तासभर बोलले, इतक्या हळू की मला खुर्ची दोनदा पुढे ओढावी लागली. माझेही कान आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

शेवटी मी म्हणालो, "मामा, जरा मोठ्यानं बोला की."

त्यांनी एकदा मागे दाराकडे बघितलं. आत कुणी नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात ते म्हणाले, "ओठांकडं बघा की, पावणं."

मी बघत राहिलो.