रिफ्लेक्टर कोणी धरला होता?

आमची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरी आली की आधी दाराबाहेरच हातपाय धुवायची, तरी रात्री तिच्या कुशीत आम्हाला शिंका यायच्या. वडील लवकर गेले. भूत, करणी, बाधा... असल्या गोष्टी आम्हाला परवडणाऱ्याच नव्हत्या. मी शिकलो, घराण्यातला पहिला इंजिनिअर झालो आणि आई व धाकट्या बहिणीला बंगळुरात राजाजीनगरला घेऊन आलो. हे मोठेपणा म्हणून सांगतोय असं वाटलं तर वाटू दे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, एवढंच सांगायचंय.

बहीण सुप्रिया, एकोणीस वर्षांची. तिला कॉस्प्लेचं वेड – म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख स्वतः बनवायचा आणि तेच पात्र होऊन फोटो काढायचे. तिचं पात्रही तिनेच वहीत रंगवलेलं: जंगल राखणारी बाई, अंगावर पानांचं चिलखत, डोक्यावर पुढे आलेलं शिरस्त्राण. फोमच्या शीट कापून, गरम करून वाकवून, तांब्याचा रंग देत ती महिनोन्‌महिने ते करत होती. मध्येच ब्लड कॅन्सर निघाला. केस गेले. ऑक्टोबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार काही हातात नाही.

तिला कळलंच. म्हणाली, "दादा, एक फोटो काढ की. पेशंट दिसणार नाही असा. मागनं घरात तोच लावायचा."

तिला फोटोत पानगळीचं जंगल हवं होतं. बंगळुरात खरी पानगळ या दिवसांत नसतेच. पण दसऱ्यानंतर पाऊस उघडला की संध्याकाळी पाचच्या सुमारास ऊन तिरपं, पिवळंधमक येतं. बेळ्ळंदूरला माझ्या ऑफिसमागे नीलगिरीची रांग आहे, तिथे ते मी खिडकीतून रोज बघायचो. वाळकी पानं आमच्या बिल्डिंगच्या वॉचमन अण्णांकडून पोतंभर घेतली. "लोक कचरा टाकायला येतात, तुम्ही न्यायला आलात!" म्हणून ते हसले.

अडचण एकच होती. शिरस्त्राणाची सावली डोळ्यांवर पडणार, आणि तिचे डोळे आधीच खोल गेलेले. फोटोत नुसत्या काळ्या खोबणी आल्या असत्या. त्यासाठी रिफ्लेक्टर घेतला – चंदेरी कापडाची मोठी गोल चकती, ऊन परतवून चेहऱ्यावर टाकणारी. ती धरायला ऑफिसातला माझा मित्र नवीन येणार होता.

घरून येताना रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये नवीन अडकला. आणि चकती... पोतं, चिलखत, सुप्रिया, सगळ्यांना सांभाळून उतरवण्याच्या नादात ती मी रिक्षातच विसरलो. रिक्षा केव्हाच गेली होती. मी रस्त्याच्या कडेलाच बसलो.

"ऊठ. इंजिनिअर आहेस न्हवं? का नुसतीच डिग्री?" सुप्रिया म्हणाली.

झाडाला टेकून ती उभी राहिली. मी काढत सुटलो. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर धड काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दादा, त्या काकूंना जरा बसायला सांग की. किती वेळ धरून उभारल्यात."

मी वळून पाहिलं. पानं आणि कंपाउंडची भिंत. "कोण काकू?"

"चेष्टा करायलास व्हय?"

औषधांमुळे असेल, असं मनाशी म्हटलं. ऊन संपत होतं, मी पुढचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी नवीनने ऑफिसात मोठ्या मॉनिटरवर फोटो उघडले. "भारी आलेत रे! रिफ्लेक्टर कोणी धरला?"

"नव्हताच. रिक्षात राहिला."

"गप. डोळे बघ तिचे."

त्याने झूम केलं. दोन्ही बुबुळांत पांढरी गोल चकती. कडेला दोन्हीकडून बोटं. खाली दोन पाय. एका फोटोत नाही, सगळ्यांत. गाडीच्या काचेचं, पाण्याच्या टाकीचं प्रतिबिंब असेल, असं सगळं मी ताडून पाहिलं. पण सुप्रियाने जागा बदलली तशी चकतीही सरकली होती, दर वेळी बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर.

सुप्रियाला विचारलं. "मला वाटलं तूच बोलावलंयस. तोंड चकतीमागं होतं. अनवाणी होत्या... हात थरथरत होते त्यांचे."

मी पुन्हा दोनदा तिथे गेलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, ऑफिसच्या सिक्युरिटीला विचारलं. कोणीच कुणाला पाहिलं नव्हतं.

सर्वांत मोठा प्रिंट काढून मी हॉस्पिटलात नेला. नर्सने विचारलं, "ही कोण? सिनेमातली का?" सुप्रिया म्हणाली, "मीच," आणि खोकला येईपर्यंत हसली. पंधरवड्याने ती गेली.

नातेवाईक म्हणतात, देवच आला होता. मला ते ऐकवत नाही. ज्याला तासभर हात थरथरेपर्यंत उजेड धरता येतो, त्याला आणखी काहीच करता आलं नसतं? हा प्रश्न घेऊन मी झोपतो आणि त्यानेच जागा होतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

तिला हवा होता तसा फोटो मी काढला. घरात तोच लावलाय.