चिमट्यांचा डबा

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी खेळण्यांची लायब्ररी भरते. परत आलेल्या खेळण्याचे तुकडे मोजायचे, ते पुसायचं आणि त्याची कापडी पिशवी धुऊन दोरीवर घालायची, हे काम बालवाडीतून निवृत्त झालेली मॉरीन पास्को बारा वर्षं फुकट करते आहे.

त्या शनिवारी टेगन दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. "मॉरीन, मेंदूचा विकास करणारं काहीतरी द्या ना. दिवे लागणारं, आकडे बोलणारं."

"अगं बये, तिला अजून धड उभं राहता येत नाही, आकडे कसले?"

तोवर लेकीनं मॉरीनचा डबा पालथा केला होता आणि ती दोरीवर पिशव्या अडकवायचे जाडे लाकडी चिमटे एकेक करून पुन्हा आत टाकत होती.

"बघ, याला म्हणतात विकास."

"पण यावर वय कुठं लिहिलंय?" टेगननं विचारलं.

मॉरीनचं डोकंच फिरलं. तिनं चिठ्ठी खरडली आणि डब्यावर थापली: 'वय दहा महिने व पुढे. मेंदूसाठी उत्तम.'

टेगननं डबा लगेच नोंदवून नेला.

पुढच्या शनिवारी त्या डब्यासाठी अकरा आयांनी नंबर लावले होते, आणि मॉरीन ओल्या पिशव्या खुर्च्यांवर वाळत घालत स्वतःच्याच अक्षराला शिव्या देत होती.