राखणदाराखालची टोपली

दुबईतल्या अल क्वोज भागात एका गॅलरीत आलेल्या वस्तूंची नोंद करणं हे माझं काम होतं. एकदा युरोपातल्या एका डीलरकडून आफ्रिकेत गॅबनमधल्या कोटा लोकांचा लाकडी राखणदार आला. लाकडावर तांब्या-पितळेच्या पट्ट्या ठोकलेला चपटा चेहरा आणि खाली चौकटीसारखे पाय. पितरांच्या अस्थी टोपलीत ठेवायच्या आणि वर हा पहाऱ्याला उभा करायचा, अशी त्यांची रीत. बाजारात येतात ते बहुतेक नुसते राखणदार, टोपली तोडून फेकलेली असते. याची मात्र शाबूत होती. सालीच्या कापडात कवटीचा तुकडा आणि काही बारीक हाडं होती.

मॅनेजर सर पुण्याचे. ते म्हणाले, "खालचं गाठोडं काढून टाक. क्लायंटला फक्त मूर्ती हवीय."

"सर, ती कुणाची तरी माणसं आहेत."

"होती. यल्ला, आटप लवकर, दुपारी फोटोग्राफर येतोय."

माझे वडील दुबईतच गेले. त्यांच्या अस्थी घेऊन मी नाशिकला निघाले, तेव्हा याच माणसाने मला एअरपोर्टवर सोडलं होतं. कलश मांडीवर होता म्हणून त्यांनी गाडीतला रेडिओसुद्धा बंद केला होता. मी तसं बोलून दाखवलं.

"ते वेगळं होतं," सर म्हणाले.

"काय वेगळं होतं?"

मी जागेवर बसले आणि टोपलीत काय आहे ते क्लायंटला सरळ ईमेलने कळवलं. त्याने घाबरून व्यवहार मोडला. सर माझ्यावर खूप ओरडले. खोकं जसंच्या तसं परत गेलं. परत म्हणजे गॅबनला नाही, त्या डीलरकडेच. तरी मी मूर्खासारखी समाधानात होते.

पुढे त्याच डीलरच्या वेबसाइटवर तो राखणदार दिसला. काळ्या स्टँडवर, एकटा. चेहऱ्यावरचा ओरखडासुद्धा तोच. मी फोन सरांपुढे धरला.

"आपला संबंध खलास झाला ना?" ते म्हणाले.

मी त्या आठवड्यात नोकरी सोडली. हाडं कुठे आहेत, असं डीलरला कितीदा तरी विचारलं. दर वेळी एकच उत्तर येतं: आपण मूर्ती घेण्यास उत्सुक आहात का?