थोरले एक, थोरले दोन

आमच्या घराण्यात लग्न ठरायला एक दुपार पुरते आणि पत्रिका ठरायला महिना जातो. मुलगा पसंत, मुलगी पसंत, हॉल ठरला, आचारी ठरला, की मग खरी लढाई सुरू होते. आशीर्वाद देणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं?

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. माझे वडील, म्हणजे नाना, अजून तिथेच राहतात. नानांना दोन थोरले भाऊ, आबा सख्खे आणि तात्या चुलत. तिघं एका घरात, एका ताटात जेवून वाढले. नाना सगळ्यांत धाकटे, यावर कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते आबा मोठे की तात्या मोठे याचं. दोघं एकाच पावसाळ्यात जन्मले. तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही, आणि शाळेत घालताना गुरुजींनी गावातल्या सगळ्या पोरांसारखी या दोघांचीही जन्मतारीख एक जून लावून टाकली. खरं काय ते ठाऊक असलेल्या सगळ्या बाया केव्हाच वर गेल्या.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आबा वर होते आणि तात्या खाली. तात्या आले नाहीत. माझ्या भावाच्या लग्नात नानांनी भरपाई केली, तात्यांना वर घेतलं, आबांना खाली. आबा आले नाहीत. दोघांची घरं आमच्याच गल्लीत समोरासमोर, आणि गल्ली अशी की एकाच्या ओट्यावर शिंकलं तर दुसरा दचकतो. तरी तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि नानांशी कामापुरतंच बोलतात.

आता भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. नानांचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. ते मला फोनवर म्हणाले, "पोरी, माले दुसरं काही नको. दोन्ही भाऊस्ले एक मांडवमा बसेल देखू दे. मंग मी मोकळा."

ते 'मोकळा' ऐकून मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आणि मग रडून झाल्यावर मी जे नेहमी करते ते केलं. लॅपटॉप उघडला.

मी धुळ्याला देवपुरात एका कॉलेजच्या संगणक विभागात नोकरी करते. आमच्याकडे वर्षाला शेकडो प्रमाणपत्रं निघतात. पूर्वीची पद्धत अशी की मागच्या वर्षीची वर्डची फाईल उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं टाकायचं आणि छापायचं. या पद्धतीनं आम्ही एकदा कुस्तीतल्या एका धिप्पाड मुलाला रांगोळी स्पर्धेचं पारितोषिक दिलं. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं, फोटोही काढून घेतला. त्या दिवशी मी चिडून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाईलमध्ये नावाच्या जागी चौकटी कंसात एक खूण टाकायची, एक्सेलमध्ये यादी करायची, आणि प्रोग्रॅम चालवायचा. तो खूण शोधतो, तिथे नाव बसवतो आणि प्रत्येकाची वेगळी फाईल करून ठेवतो. चहा निवायच्या आत चारशे प्रमाणपत्रं तयार. तेव्हापासून मला जगातलं कुठलंही भांडण 'शोधा आणि बदला' या एका आज्ञेनं मिटेल असं वाटायला लागलं होतं.

म्हणून मी विचार केला, पत्रिका सगळ्यांना एकच कशाला पाहिजे? मजकूर वर्डमध्ये केला. आशीर्वादाच्या जागी दोन खुणा टाकल्या, [[थोरले-१]] आणि [[थोरले-२]]. एक्सेलमध्ये पाहुण्यांची यादी केली आणि शेजारच्या रकान्यांत भरलं, या माणसाच्या पत्रिकेत वर कोण, खाली कोण. आबांकडे, आबांच्या सासुरवाडीला, त्यांच्या व्याह्यांकडे आबा वर. तात्यांच्या गोतावळ्यात तात्या वर. आमचे नातेवाईक कोण कोणाच्या बाजूचे हे भावाला तोंडपाठ, त्याला यादी सांगायला काहीच वेळ लागला नाही.

"ताई, पकडले गेलो तं?" तो म्हणाला.

"अरे, पत्रिका कोण वाचतं? माणूस आपलं नाव बघतो आणि पत्रिका खिळ्याला अडकवतो."

प्रोग्रॅमनं पहिल्या दिवशी दगा दिला. खूण समोर ठळक दिसत होती आणि प्रोग्रॅम म्हणत होता, अशी खूण फाईलमध्ये नाहीच. दोन तास डोकं आपटल्यावर कळलं, की मी मध्येच एक अक्षर जाड केलं होतं, त्यामुळे वर्डनं त्या खुणेचे आतल्या आत तीन तुकडे करून ठेवले होते. बाहेरून अखंड आणि आत तीन तुकडे. म्हटलं, वा, ही फाईल आमच्याच घराण्यातली. सगळी खूण पुसून एका दमात परत टाइप केली, तेव्हा गाडी चालू लागली.

छपाई जळगावला केली. छपाईवाल्यानं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि काळजीनं विचारलं, "ताई, नवरी एकच आहे ना?"

छपाईला द्यायच्या आदल्या रात्री भावाला आठवलं होतं, पहिली पत्रिका मारुतीची. आमच्याकडे मारुतीला पत्रिका ठेवल्याशिवाय माणसांना वाटत नाहीत, आणि ती महिनाभर देवळाच्या भिंतीला लावलेली असते. मी यादीत शेवटी मारुतीराया अशी ओळ घातली. पुढच्या रकान्यात वर कोण, खाली कोण? मारुती कोणाच्या बाजूचा, हे मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, नंतर भरू, आणि रकाने रिकामे ठेवले. मग यादी गावांप्रमाणे लावली, आणि मारुतीराया शेवटून उठून मध्ये कुठेतरी दडी मारून बसले.

रकाना रिकामा असेल तर काय, याचा बंदोबस्त मी प्रोग्रॅममध्ये आधीच केलेला होता. कॉलेजात एकदा बिननावाचं प्रमाणपत्र निघालं होतं, म्हणून मी मोठ्या शहाणपणानं लिहिलं होतं, की नाव नसेल तर खुणेला हात लावू नकोस. त्यानं हात लावला नाही. मी वरच्या पाच आणि खालच्या पाच पत्रिका तपासल्या आणि पास करून टाकल्या.

वाटप सुरू झालं. भाऊ शुक्रवारी हळदीकुंकू लावून मारुतीची पत्रिका देवळात चिकटवून आला. देवाची पत्रिका कोण वाचत बसतो, त्यानंही वाचली नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतली घरं उरकली. मी चार दिवसांची रजा टाकून गावी आलेच होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तेल घालायला सगळं गाव देवळात, आणि रांगेत उभं राहिल्यावर माणूस समोरचं वाचतोच. भिंतीवर लिहिलेलं होतं, 'यांचे शुभाशीर्वाद: [[थोरले-१]], [[थोरले-२]]'. अर्ध्या तासात गावभर बातमी झाली. शेजारची अक्का आमच्या ओट्यावर येऊन हात जोडून म्हणाली, "मारुतीले खोटं चालत नही बाई. दोन्हीस्ना नावं खोडी टाकात त्यानी."

आबा आणि तात्या वेगवेगळ्या वाटांनी देवळात गेले. दोघांनी भिंत पाहिली. दोघं घरी जाऊन आपापली पत्रिका घेऊन परत आले. मग देवळाच्या पायरीवर काय झालं ते पाहायला मी तिथे नव्हते, याबद्दल मी मारुतीची आभारी आहे.

मी पाहिलं ते एवढंच, की गल्लीच्या तोंडाशी दोन पांढऱ्या टोप्या शेजारी शेजारी चालत येत होत्या. ते आमच्या घरात शिरले आणि एकाच खाटेवर बसले. एकमेकांशी नाही, दोघं माझ्याशी बोलत होते.

आबांनी पत्रिका पुढे धरली. "हाई काय शे?"

"मन्हा कारडवर मी मोठा, याना कारडवर हाऊ मोठा," तात्या म्हणाले. "आनि देवना कारडवर कोनीच नही!"

"तात्या, ती प्रोग्रॅमची चूक झाली."

"प्रोग्रॅम कोनी लिखा?"

"मी."

"मंग?"

कॉलेजात शंभर पोरं माझ्यासमोर चळाचळा कापतात, आणि इथे मी चौथीतल्या मुलीसारखी भिंतीला टेकून उभी. माझी बाजू घ्यायला भाऊ नव्हता, तो गाडीत पेट्रोल भरायला म्हणून गेला होता आणि पाचोऱ्यापर्यंत गेला असावा.

आवाज ऐकून नाना आतल्या खोलीतून भिंतीला धरत धरत आले. "तिले बोलू नका. मीच सांगं व्हतं. नाव खाले गयं म्हनीसन तुम्ही येतस नही, मी काय करू?"

आबा त्यांच्याकडे वळले. "नाव खाले व्हतं म्हनीसन मी उनू नही, असं वाटनं तुले?"

"मंग?"

"तू बलावाले उना व्हता का? हाई समोर घर. पोऱ्याना हाते कारड धाडी दिन्हं."

"हिना लगीनले," तात्यांनी माझ्याकडे बोट केलं, "माले बी कारडच उनं."

खरं होतं. दोन्ही लग्नांत पत्रिका वाटल्या होत्या भावानं, आणि आताही त्यानंच. नाना स्वतः बोलवायला कोणाच्या दारी गेलेच नव्हते, ते हॉल, आचारी, मंडप यांच्यामागे धावत होते, आणि इतकी वर्षं आम्ही सगळे मिळून कागदावरची नावं वरखाली करत बसलो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे पुसून टाकावासा वाटला.

नाना हळू आवाजात म्हणाले, "मोठास्ले काय बलावानं? मी म्हनं, तुम्ही तं घरनाच शेतस."

मग नानांनी वहिनीकडे कुंकवाची कोयरी आणि अक्षता मागितल्या, टोपी घातली आणि चप्पल शोधायला लागले. डॉक्टरांनी त्यांना अंगणापलीकडे जायला मनाई केलेली. मी पुढे झाले, पण तोवर आबांनी त्यांचा एक दंड धरला होता आणि तात्यांनी दुसरा. ज्यांना आमंत्रण द्यायला निघायचं, तेच धरून घेऊन चालले होते.

मी कोयरी घेऊन मागे. गल्लीच्या मध्यावर तिघं थांबले. डावीकडे आबांचं दार, उजवीकडे तात्यांचं. मला वाटलं, आता पहिलं दार कोणाचं, यावरून इथेच पुन्हा पेटणार.

तात्यांनी आबांकडे पाहिलं. "तू घरमा जाय. दारमा कोनी नही तं हाऊ कोनले बलावी?"

आबा मुकाट्यानं आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. तात्यांनी नानांना पायरीवर चढवलं. नानांनी कडी वाजवली. दार उघडलं. नानांनी कुंकू लावलं, ते आबांच्या कपाळावर थोडं आणि नाकावर जास्त लागलं.

"पोरना लगीनले या, आबा."

आबांनी नाकावरचं कुंकू तसंच ठेवून नानांचा हात धरला, आणि समोर तात्यांच्या दाराशी घेऊन गेले.