मंगलाष्टकात सिटी बस

"छान" या शब्दावर माझा विश्वास नाही. हा स्वभाव म्हणा किंवा नोकरीचा परिणाम म्हणा. स्टेशन रोडवरच्या एका विमा कार्यालयात मी दाव्यांचे कागद तपासते. गोदाम जळालं म्हणून कुणी बिलं आणून देतो आणि मी आधी त्या बिलांचा वास घेते. जळालेल्या गोदामातून वाचलेल्या कागदाला धुराचा वास नसेल तर माझी पेन्सिल तिथंच थांबते. कागदात काय आहे ते कुणालाही दिसतं, काय नाही ते दिसायला पाहिजे, असं मी नव्यानं लागलेल्या मुलींना सांगत असते. घरीही माझं तेच चालतं. दूधवाल्यानं मापात जास्त घातलं तर मी त्यात पाणी शोधते. नवरा म्हणतो, "देव प्रसन्न झाला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील."

तर नात्यात कुणाचंही लग्न ठरलं की मंगलाष्टक मी लिहायचं आणि मीच माइकवर म्हणायचं, ही गेल्या वीसेक वर्षांची पद्धत. एका मामेबहिणीच्या लग्नात ऐन वेळी कुणी मिळेना म्हणून मी चार कडवी जुळवली, आणि ते काम जे गळ्यात पडलं ते पडलंच. एका ओळीत एकोणीस अक्षरं, त्यातलं कुठलं लांब आणि कुठलं आखूड हे आधीच ठरलेलं. बाकीचंही सगळं ठरलेलंच असतं. पहिल्या कडव्यात गणपती, दुसऱ्यात कुलदैवत, तिसऱ्यात मुलीकडची मंडळी, चौथ्यात मुलाकडची. आजोबा, काका, मामा, भाऊ, सगळे मानाच्या क्रमानं. शेवटी "कुर्यात् सदा मंगलम्". कडवी माझ्या वहीत तयार असायची, नावं तेवढी बदलायची.

पण ती नावंच जीव घ्यायची. एका लग्नात धाकट्या मामांचं नाव वृत्तात बसेना म्हणून राहिलं, तर मामा जेवायच्या आधी निघून गेले आणि पुढच्या दोन दिवाळ्यांना आमच्याकडं फिरकले नाहीत. तेव्हापासून चार कडव्यांना मला तीन आठवडे लागायला लागले. हे नाव आधी घेतलं तर त्यांना काय वाटेल, "थोर" हा शब्द एकालाच लावला तर दुसरा काय म्हणेल. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून मी मावसासऱ्यांच्या रुसव्याचा विचार करत बसायची. भात करपायचा. एखादी बरी ओळ सुचली, जरा वेगळी, की मीच ती खोडायची. लोक काय म्हणतील, हा प्रश्न मी लोकांच्या आधी स्वतःलाच विचारायची आणि उत्तरही त्यांच्या वतीनं मीच द्यायची.

आणि एवढं करून मिळायचं काय, तर "छान". कडवी संपली की अक्षता पडायच्या, बँड वाजायचा आणि चार जणी येऊन "छान झालं" म्हणायच्या. त्यात सगळ्यांत जास्त संशय मला माझ्या वहिनीचा. ही माझ्या थोरल्या भावाची बायको, मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानदाराची मुलगी, मितभाषी. हातात हळदीकुंकवाचं ताट, नजर पाहुण्यांवर, आणि म्हणायची, "छान झालं हं, ताई." दर लग्नात तेच वाक्य, तोच सूर. मला खात्री होती की ही आत जाऊन माझी नक्कल करून दाखवत असणार. पुरावा नव्हता, पण संशयाला पुरावा लागत नाही, दाव्याला लागतो.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या मुलीचं लग्न बीड बायपासच्या एका लॉनवर होतं. मी कार्यालयातून सिटी बसनं चिकलठाण्याला घरी येत होते आणि डोक्यात तिसरं कडवं अडकलं होतं. काका, मामा काही केल्या जागेवर बसेनात. बस क्रांती चौकात वळली आणि ओळ आपोआप तयार झाली:

"क्रांती चौक वळून ये सरळ ही, आकाशवाणी पुढे"

मोजून बघितलं तर एकोणीस अक्षरं, एकही मात्रा इकडची तिकडं नाही. मला हसू आलं आणि पाठोपाठ एक खवचट विचार. हीच ओळ म्हटली तर? कळेल का कुणाला? कळलं तर हे लोक न ऐकताच छान म्हणतात हा माझा संशय खोटा, नाही कळलं तर खरा. असा दावा मी कार्यालयात रोज तपासते, मग हाही तपासून बघू.

कुलदैवताच्या कडव्यात मधोमध ती ओळ मी घातली. समोर दोनेकशे माणसं बसलेली. ओळ आली, गेली. गुरुजींनी हातातला फोन खिशात ठेवला. कॅमेरावाल्यानं मला बाजूला व्हायची खूण केली. काका शेजारच्या काकांना प्लॉटचे भाव सांगत होते. शेवटी अक्षता पडल्या आणि वहिनी ताट घेऊन आली. "छान झालं हं, ताई."

मला आधी संताप आला. वीस वर्षं मी यांच्या कानांना भीत होते आणि ते कान उघडेच नव्हते! पण संताप दोन दिवसांत उतरला आणि त्याच्या जागी एक मोकळेपणा आला. कुणी ऐकतच नसेल तर भ्यायचं कुणाला? मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला लागले. आमच्या इमारतीतल्या बंद लिफ्टवर एक कडवं, धुराचा वास नसलेल्या बिलांवर एक, नवऱ्याच्या घोरण्यावर दोन. सगळी मंगलाष्टकाच्या चालीत. भाजी निवडता निवडता मी गुणगुणायची. भात त्या काळातही करपला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पन्नाशीला आले होते आणि पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं लिहीत होते.

ही वही मी कुणाला दाखवली नाही. तेवढ्यात भाचीचं लग्न ठरलं. दादा-वहिनींची एकुलती एक. तिचा फोन आला.

"आत्या, मंगलाष्टक तूच म्हणायचं. पण नेहमीसारखं नको."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे तसलं नको. तुला कळतंय."

मला काहीच कळलं नाही, फक्त संशय आला. नेहमीसारखं नको, हे हिला कुणी शिकवलं? घरात बोलणं झालं असणार. वहिनीच असणार. संध्याकाळी वहिनीचा मेसेज आला, फक्त नावांची यादी, दोन्हीकडची, बावीस नावं. खाली एक शब्द नाही. एकीकडं मुलीकरवी नेहमीसारखं नको म्हणायचं आणि दुसरीकडं नेहमीचीच यादी पाठवायची. मी नवऱ्याला म्हटलं, यात काहीतरी आहे.

पण पोरीसाठी मला खरंच काही लिहायचं होतं. ती दहावीत असताना छावणीच्या मैदानावर स्कूटी शिकली. पडली, दोन्ही गुडघे फुटले, तरी उठून परत गाडीवर बसली आणि फाटक्या सलवारीनं माझ्याकडं आली होती. मी हळद लावत होते आणि ती रडायचं सोडून मला गिअर नसलेल्या गाडीचे फायदे सांगत होती. तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते एवढंच आहे. ते लिहिलं:

"पायाला जखमा, तरी न रडली, गाडीवरी बैसली"

नवऱ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "मंगलाष्टकात जखमा? आणि वर रडली?"

"न रडली."

"लोकांना 'न' ऐकू येत नाही, 'रडली' ऐकू येतं."

दादाला मी नुसतं सुचवून बघितलं. तो म्हणाला, "तुला काय लिहायचं ते लिही, पण नावं सगळी आली पाहिजेत. तिकडचे लोक लई मानापानाचे आहेत." म्हणजे काहीच लिहू नको. पुन्हा माझे तीन आठवडे सुरू झाले. जखमा अशुभ आहे का? सासरच्यांना वाटलं, मुलीत काही दोष आहे, तर? पोरीला पहिल्याच दिवशी टोमणा बसला तर तो माझ्यामुळं. शेवटी मी दोन कागद केले. एकावर बावीस नावं, दुसऱ्यावर स्कूटी. दोन्ही पर्समध्ये ठेवले आणि लग्नाला गेले.

अंतरपाट धरला. माइक हातात आला. मी पर्समध्ये हात घातला आणि स्वतःला समजावलं की कुणी ऐकत नाही, हे सिद्ध झालंय, बस म्हटली तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं. स्कूटीचा कागद काढला आणि म्हटला. "जखमा" आल्यावर गुरुजींनी मान वर केली. पुढच्या रांगेतल्या एका आजींचा अक्षतांचा हात हवेतच राहिला. अंतरपाटाच्या अलीकडं भाची मुंडावळ्यांसकट हलत होती. रडते की हसते ते मला दिसेना. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. हसत होती. माझा आवाज चिरकला, पण कडवं मी पूर्ण केलं.

टोमणा कुणी मारला नाही. मुलाची आई येऊन "छान" म्हणाली, त्यावर मी विश्वास ठेवला नाही.

पंगतीत वहिनी जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत माझ्यापर्यंत आली आणि वाकली.

"ताई, जखमा बरोबर बसल्या. पण मागल्या खेपेला मोंढा नाका गाळला तुम्ही."

"कुठल्या मागल्या खेपेला?"

"बस आणली होती ना तुम्ही. क्रांती चौकातून एकदम आकाशवाणी. माझं माहेर तेवढं सोडलं."

मी हातातली पुरी पानात ठेवली. "तुम्ही ऐकत होता?"

"व्हय. दर वेळी ऐकते. पोरीलाबी मीच म्हणाले, आत्याला सांग, त्या बसच्या ओळीवाणी लिही म्हणावं." तिनं माझ्या पानात जिलबी वाढली. "बाकी, माझं नाव येतं का तेवढं बघते. ह्यांचं येतं, मामंजींचं येतं. आपलं नाय आलं अजून." हे ती हसूनच म्हणाली आणि पुढच्या पानाकडं गेली.

मला लाज वाटली, आणि त्या लाजेतही एक गोष्ट स्पष्ट दिसली. ही ऐकते आहे, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर ती बसची ओळ मी कधीच म्हटली नसती, आणि वही उलटी झालीच नसती. माझा सगळा मोकळेपणा एका चुकीच्या निकालावर उभा होता.

हात धुऊन मी एका खुर्चीवर बसले आणि फोनवर तिची यादी उघडली. या वेळी ती दाव्याचा कागद वाचतात तशी वाचली, वरून खाली, एकेका नावावर थांबत. बावीस नावं. दादाचं होतं, दोन्हीकडच्या मामांचं होतं, मुलाच्या काकांच्या जावयाचंही होतं. नवरीच्या आईचं नव्हतं. यादी तिनंच केली होती आणि आपली जागा रिकामी ठेवून माझ्याकडं पाठवली होती. काय नाही ते बघायचा पगार मी घेते, आणि तीन आठवडे ती यादी घोकूनही मला ते दिसलं नव्हतं. नावांचा कागद जरी म्हटला असता तरी ती त्यात नसती.

पर्समधला तो नावांचा कागद मी काढला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं. तीन अक्षरी आहे. लांब, आखूड, लांब. ओळीच्या शेवटी सहज बसतं. मी कधी बसवून बघितलं नव्हतं.