दारात उभं राहायचं काम

हे मी घरात बोललो नाही, दलात बोललो नाही, सोमीनाथजवळ तर नाहीच नाही. तुमच्यापाशी बोलतोय — बसा जरा. आणि मला भरभर बोलू द्या, थांबलो की राहूनच जाईल.

मी इथं संभाजीनगरात अग्निशमन दलात सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांना वाटतं, आगीत उड्या घेणारा माणूस. छे हो! माझं काम बरोबर उलटं. सगळे आत जातात, मी दारात उभा राहतो. छत वाकतंय का, भिंत तडकतेय का, एवढंच बघायचं. जरा संशय आला की शिट्टी फुंकायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. पाइपाला हात लावायचा नाही. सोमीनाथ चिडवायचा — साहेब म्हंजे लग्नातले अक्षता वाटणारे! सोमीनाथ आमचा फायरमन. गंगापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, अंगानं दणकट. मी हसायचो. पण झोंबायचं. लई झोंबायचं.

कारण — कसं सांगू? — मला आग आवडते. सायरन वाजला की माझ्या अंगात वारं शिरतं. भीती वाटायला पाहिजे ना? मला आनंद होतो. अजूनही होतो. 

तर त्या दुपारी गंगापूरच्या रस्त्यावरची एक जिनिंग, कापूस पिंजून गाठी बांधायचा कारखाना, पेटली. कापसाच्या गाठींच्या थप्प्या, पार छतापर्यंत. काय आग होती हो ती! कापूस आतून पेटतो, धुमसतो, मग एकदम भडकतो. पत्रे तडतडत होते, धूर नुसता लोटत होता, रस्त्यावर ही गर्दी. आणि मी? दारात. गळ्यात शिट्टी. मला सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं होतं ते थप्प्यांवर. पाणी प्यायली की गाठ फुगते, जड होते, पट्ट्या तुटतात आणि अख्खी थप्पी कलते. आतल्याला धुरात ते दिसत नाही. दारातल्याला दिसतं. म्हणून तर दारात माणूस ठेवतात.

सोमीनाथ आत पाणी मारत होता. त्याच्यामागं पाइप धरणारा गडी खोकत बाहेर आला आणि अंगणात आडवा झाला. दुसऱ्याला हाक मारायची होती मला. एक हाक! गाडीपाशी माणसं होती की. पण पाइपाचं शेपूट माझ्या पायाशी पडलं होतं — आणि माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

मी मास्क चढवला आणि आत गेलो.

खोटं कशाला बोलू, ते सुख होतं. पाइप हातात धडधडत होता. समोर सोमीनाथची पाठ, पलीकडं लाल जाळ. मागं कोण आलंय हे त्याला कळलंही नसेल. आमच्यात धुरात बोलणं नसतं, मागच्यानं खांद्यावर थाप मारली की पुढच्यानं पुढं सरकायचं, एवढाच कायदा. मी थाप मारली. तो सरकला. पुन्हा मारली. तो जरा अडला — बिचाऱ्याला अंदाज आला असावा — म्हणून मी जोरात मारली. गेला तो पुढं. माझ्या थापेवर गेला. आणि थप्पी कोसळली.

मी त्याला ओढून बाहेर काढलं, हे खरं आहे. पण लोकांनी तेवढंच बघितलं. साहेब दारातून आत धावले आणि गड्याला खेचून आणलं! शाल मिळाली, नारळ मिळाला. सोमीनाथला मार बसण्याआधीचं काहीच आठवत नाही. आमचा ड्रायव्हर म्हणाला, थप्पी लई सावकाश कलली, चांगला वेळ होता. त्या गोंधळात साहेबांची शिट्टी सोमीनाथला ऐकू आली नसंल, असं त्यानंच ठरवून टाकलं. मी मान हलवली. काय अवघड होतं हो तेव्हा बोलणं? काहीच नाही.

दवाखान्यात त्याची बायको कडूबाई माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "दादा, तुम्ही आत गेलात म्हनून माझं कुंकू ऱ्हायलं."

मी म्हणालो, "ते तर माझं कामच होतं."

कळतंय ना तुम्हाला? माझं काम आत जायचं नव्हतंच. सगळ्यात मोठं खोटं मी तिथं बोललो, आणि बोलताना ऊर भरून आला होता माझा. लाज नाही — अभिमान! आज मला त्या अभिमानाचीच किळस येते.

सोमीनाथचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. त्याला ऑफिसात टेबलावर बसवलंय, फोन घेतो. पुंडलिकनगरात भाड्यानं राहतो, माझ्या घरापासून जवळच. कडूबाई मला भाऊ मानते. भाऊबीजेला मीच तिच्या पाटावर.

यंदाही गेलो. ओवाळून घेतलं. करंज्या खाल्ल्या, आणखी मागून घेतल्या. निघालो तेव्हा सोमीनाथ भिंतीला धरून उठला आणि तो पाय ओढत मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याला नको म्हणालो नाही.