लिंबाच्या वावरातली येळवस

वडखोरीत अयोध्याबाईशी भांडायचं असेल तर पोटभर जेवून जावं, असं लोक म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. बासष्ट वर्षांची, काटकुळी बाई. आवाज मात्र असा की तळ्याच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरची शेळी मान वर करते. तिचा नवरा धुळाप्पा म्हणतो, "हिचे कान चांगले हायत. फकस्त 'न्हाय' म्हटलेलं ऐकू येत न्हाय."

वडखोरी आहे बालाघाटच्या दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात. तीस वर्षांपूर्वी इथला ओढा अडवला आणि तळं झालं. त्यात सव्वीस घरांच्या जमिनी गेल्या, धुळाप्पाचं चार एकरांचं लिंबाचं वावरही गेलं. वरचा बांध आणि त्यावरचा जुना कडुलिंब तेवढा पाण्याबाहेर राहिला. सरकारनं वर डोंगराच्या कडेला जागा दिली. धुळाप्पानं तिथं घर बांधलं ते तळ्याकडे पाठ करून, दार डोंगराकडे. पाणी बघायचं नाही, एवढं एकच त्यानं ठरवलं आणि तीस वर्षं पाळलं. शेरडं चारायलासुद्धा तो डोंगराच्या मागच्या अंगाला जायचा.

अयोध्याबाईचं उलटं. ती दर येळवशीला डोक्यावर पाटी घेऊन त्या लिंबाखाली जायची. मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे येळवस. या भागात त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, बांधायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून बसवायचे, शेंगा-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, मडक्यातली आंबील पिकावर शिंपत बांधाबांधानं फिरायचं आणि मग वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून मारून जेवायला बसवायचं. ज्यांची जमीन गेली ते लोक दुसऱ्यांच्या रानात पाहुणे म्हणून जेवू लागले. अयोध्याबाई गेली नाही. "आमचं रान बुडालंय, मेलं न्हाय," म्हणायची आणि पाण्याच्या कडेला एकटीच कोप बांधून बसायची.

दोन वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एका मालकानं तो काठ भाड्यानं घेतला आणि 'जलविहार' सुरू केला. कुंपण आलं, तिकीट आलं. बदकाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या होड्या आल्या. पोरांना घसरगुंड्या, बायकांना झोके, म्हाताऱ्यांना बाकडी, आणि सगळ्यांना पाण्यावरून जाणारा हलता पूल. खोटं कशाला बोला, लोकांना आवडलं. रविवारी तामलवाडीपासून उमरग्यापर्यंतची बिऱ्हाडं गाड्या भरून यायची. अयोध्याबाईची सून करिश्मा तिथं तिकिटाच्या खिडकीवर लागली. सगळं बरं होतं. फक्त तो लिंब कुंपणाच्या आत गेला. त्याच्या बुंध्याला गुलाबी रंगाचं हृदय टांगलं आणि खाली फलक लावला, 'सेल्फी पॉइंट'.

पहिल्याच येळवशीला पाटी घेऊन गेलेल्या अयोध्याबाईला फाटकावरच्या पोरानं अडवलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणे.

"बाहेरचं?" ती म्हणाली. "आरं, ह्या वावरात म्या तीस-बत्तीस वर्साची हुईस्तवर ज्वारी काढली. बाहेरचा तू हायस."

नियम म्हणजे नियम. पैसे घेतलेत ना जमिनीचे, असंही कुणीतरी मागून बोललं. त्यावर ती गर्रकन वळली. "जमिनीचे घेतले. येळवशीचे न्हाय घेतले." पण फाटक काही उघडलं नाही. त्या दिवशी ती पाटी तशीच घेऊन घरी आली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं येळवस घराच्या छताखाली केली. घास तोंडात फिरत होता. धुळाप्पानं ते बघितलं आणि अर्ध्या ताटावरच हात धुतला. अयोध्याबाईनं पाटी उतरंडीवर ठेवली आणि म्हणाली, "फुडच्या येळवशीला म्या माज्या वावरात जेवणार. कुणाच्या बापाला घाबरून घरात बसायची न्हाय."

वर्षभर हे वाक्य ती विसरली नाही. सुनेच्या नोकरीसाठी गप्प बसली एवढंच.

आणि मग देवानंच माणूस धाडला म्हणायचा. जलविहारावर नवा व्यवस्थापक आला, रणधीर. साताऱ्याकडचा, हॉटेलचं शिक्षण घेतलेला, बोलायला गोड. येळवस काय असते ते त्याला मोबाइलवर कळलं आणि त्याच्या डोक्यात आलं की आपणही एक करू. लिंबाखाली छान कोप उभी करायची, लोक फोटो काढतील, उपाहारगृहात भज्जी-आंबिलीचं ताट विकायचं. कोप कोण चांगली बांधतं म्हणून विचारलं तर ज्याला त्याला एकच नाव माहीत.

"मावशी, फक्त सजावटीसाठी हवी," तो ओसरीवर बसून म्हणाला. "आणि नमुन्याला थोडी भज्जी आणा. तुमची मजुरी काय ती सांगा."

आत करिश्मानं हातातलं भांडं खाली ठेवलं. आता सासू याला उंबऱ्याबाहेर काढते, असंच तिला वाटलं.

"मजुरी नगं," अयोध्याबाई म्हणाली. "कोप बांधून देते. सामान आणायला फाटकावर आडवू नगा म्हंजे झालं."

रणधीर खूश झाला. काम करून मजुरी नको म्हणणाऱ्या बाईला जरा भ्यावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं करिश्माला चिठ्ठी लिहून दिली, 'अयोध्याबाई, कोपीचे सामान, सोडावे.'

येळवशीच्या सकाळी अयोध्याबाई नवऱ्यासमोर उभी राहिली. "आंबील शिंपायला गडी मानूस लागतो. येनार असला तर या. न्हाय आला तर म्या शिंपते. मला काय हात न्हायत व्हय?" धुळाप्पा भिंतीकडे बघत बसला. ती निघाली.

फाटकावर करिश्मानं मान वर केली आणि तिला घाम फुटला. सासूच्या मागं बायकांची रांग होती. जमीन गेलेली सव्वीस घरं, सव्वीस पाट्या, त्यांच्या मागं म्हातारे आणि पोरंटोरं.

"आत्या, हे सगळं?"

"कोपीचं सामान," अयोध्याबाई म्हणाली.

करिश्मानं चिठ्ठी पुन्हा वाचली. सामान किती, ते तिच्यात लिहिलं नव्हतं. नोकरी जाईल तर जाईल, असं म्हणून तिनं आडवा बांबू वर केला. सासूला वाटलं होतं, ही घाबरेल. घाबरलीच होती, पण बांबू वर केला. त्या दिवसापासून अयोध्याबाई सुनेचं नाव नुसतं घेत नाही, 'आमची करिश्मा' म्हणते.

कोप उभी राहिली. रणधीरनं फोटो काढला, "व्वा" म्हणाला आणि होड्यांकडे गेला. तो गेल्यावर अयोध्याबाईनं पदराखालून पाच दगड काढले. चुना लावलेले, घरचे, वावर बुडायच्या आधीपासूनचे. ते कोपीत बसवले, हळदीकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला आणि हात जोडले. इथंच सगळं झालं. कडब्याची कोप सजावट असू शकते, पण पांडव बसले की ती ज्यानं बसवले त्याची. ते रान त्याचं, यजमान तोच, आणि येळवशीला यजमानाच्या दारातून कुणी उपाशी जात नाही.

मग तिनं तिचा तो आवाज काढला. "जेवाया या रं समदे!"

होडीतले लोक होडी सोडून आले. झोक्यावरच्या बायका आल्या. उमरग्याचं एक बिऱ्हाड उपाहारगृहात ताटं मागवून बसलं होतं, त्यातली म्हातारी उठली. "कोपीवरनं हाक आली की उठावं लागतं," असं लेकाला सांगून ती लिंबाखाली येऊन मांडी घालून बसली. पंगत पुलापर्यंत गेली. गुलाबी हृदयाला कुणीतरी पाण्याची कळशी अडकवली.

रणधीर धावत आला. "मावशी, हे काय चाललंय? आपलं काय ठरलं होतं?"

"कोप बांधायचं ठरलं हुतं. बांधली."

"हे आत्ताच्या आत्ता उचला. हरिबा, काढ ती कोप!"

हरिबा रखवालदार. तो कोपीजवळ गेला, पायातल्या चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि पंगतीत जाऊन बसला. "सायेब, दुसरं कायबी सांगा," म्हणाला.

रणधीर एकटाच उभा राहिला. शंभर-दीडशे तोंडं त्याच्याकडे बघत होती आणि चावत होती.

अयोध्याबाईनं आंबिलीचं मडकं उचललं, पातळाचा काचा घट्ट केला आणि सरळ पाण्यात शिरली. वावर पाण्याखाली, तर आंबील पाण्यावर. गुडघाभर पाण्यात ती थांबली. पायाखाली चिखल, पुढं बांध कुठं वळतो ते आठवेना. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा पाय अडखळला.

"दे हिकडं ते मडकं."

मागं धुळाप्पा उभा होता. खांद्यावर घोंगडी, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं. तो तळ्याकडे तोंड करून उभा होता. "तुला बांध ठावं हायत का? इथनं उजवीकडं वळतुया. फुडं हिरीचा काठ हाय, तिकडं जायाचं न्हाय."

तो पुढं झाला. न दिसणाऱ्या बांधावरून, जणू काल संध्याकाळीच नांगर सोडून घरी गेला होता अशा चालीनं, कमरेपर्यंत पाण्यात गेला. ओंजळीनं आंबील पाण्यावर फेकली आणि ओरडला, "चांगभलं!" त्याचा एवढा मोठा आवाज अयोध्याबाईनंही कधी ऐकला नव्हता. काठावरच्या सव्वीस घरांनी तो उचलला. पाठोपाठ तीनचार म्हातारे आपापली मडकी घेऊन आपापल्या बुडालेल्या बांधाकडे पाण्यात उतरले. अयोध्याबाई काठावर उभी राहून रडली, आणि कुणी बघतंय का याची तिनं फिकीर केली नाही.

परत आल्यावर तिनं रणधीरसमोर द्रोण धरला. "आदी जेव. मग भांड. उपाशी पोटी भांडलास तर हरशील." तो बसला. तिसऱ्यांदा भज्जी घेतली तेव्हा मालकाचा फोन आला. तो उठून लांब जाऊन बोलला, परत आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"मावशी, आज झालं ते झालं. पण उद्या सकाळी कोप इथं दिसायला नको. मालक यायचेत उद्या."

अयोध्याबाईनं त्याच्याकडे दयेनं बघितलं. "उद्या कशी निघंल, लेकरा? एकदा पांडव बसले का कोप हलवायची न्हाय. फुडच्या येळवशीला ज्यानं बसवले त्यानंच येऊन जुनी काढायची, नवी बांधायची. मदी कुनी हात लावला तर त्याच्यावर काय यील ते मी न्हाय सांगत. इचार ह्यास्नी."

रणधीरनं पंगतीकडे बघितलं. उमरग्याच्या म्हातारीनं घास गिळला आणि गंभीरपणे मान हलवली. हरिबानं दोन्ही कानांना हात लावले. सव्वीस घरांतल्या एकानंही वर बघितलं नाही.

दिवस मावळताना दोघं चढ चढत होती. धुळाप्पाचं धोतर अजून ओलं होतं. वळणावर तो थांबला, वळून तळ्याकडे बघितलं. लिंबाखाली कोप दिसत होती.

"असा नेम कवापासनं हाय गं?" त्यानं विचारलं. "आमच्या बापानं तर कोप दुसऱ्या दिशीच सोडून कडबा बैलास्नी टाकला हुता."

"आजपासनं हाय," अयोध्याबाई म्हणाली. "चला, बिगी बिगी. उद्या दार काढायचंय घराचं. तळ्याकडच्या भिंतीत बसवायचंय."